अमावस्येचा धूर

एकदा एक गृहस्थ प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आले. पिशवीच्या तोंडाला घट्ट रबर लावलेलं, आणि पिशवी मोटारसायकलच्या हँडलला अडकवून आणलेली. शेजारच्या शेडमध्ये रंगकाम चालतं, त्याचा वास या पिशवीत धरलाय, यात काय काय आहे ते लिहून द्या, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि समजावलं की आमचं मशीन वास मोजत नाही, हवेत तरंगणारे कण मोजतं, आणि ते कण एव्हाना पिशवीच्या आतल्या बाजूला चिकटून बसलेत. त्यांना ते पटलं नाही. "मग ह्यो काय हाय, बगा की जरा!" असं म्हणून त्यांनी तिथंच रबर सोडलं. मशीनला त्यातलं काही दिसलं नाही, पण आमची सगळ्यांची डोकी संध्याकाळपर्यंत दुखत होती.

असं गिऱ्हाईक वर्षातून एखादं तरी यायचं. मला ती माणसं आवडायची. हवेत काहीतरी आहे आणि ते आपल्या छातीत जातंय, हे त्यांना कळलेलं असायचं, फक्त ते धरून कसं आणायचं ते ठाऊक नसायचं. ते धरून आणणं आणि मग त्याचा खरा हिशेब सांगणं, ही माझी नोकरी. परवापरवा निवृत्त झाले. कोल्हापुरात नातेवाइकांना शेवटपर्यंत वाटत होतं की मी हवामानखात्यात आहे. लग्नसमारंभात हटकून विचारायचे, "काय मॅडम, औंदा पाऊस कसा?" मीही मग ठोकून द्यायचे, "चांगला हाय."

मशीन काय करतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही. आम्ही त्याला मास स्पेक म्हणायचो. मराठीत त्याला जे भारदस्त नाव आहे ते आमच्याकडं कुणी कधी उच्चारलेलं मी ऐकलं नाही. एका बारीक नळीतून ते हवा ओढतं. हवेतले धुराचे, धुळीचे अतिसूक्ष्म कण आतल्या निर्वात पोकळीत जातात आणि एका तापलेल्या पट्टीवर आदळून वाफ होतात. त्या वाफेचे विजेच्या माऱ्यानं तुकडे केले जातात आणि ते तुकडे वजनाप्रमाणं वेगळे होतात. पडद्यावर उभ्या काठ्यांची रांग दिसते. या वजनाचे तुकडे इतके, त्या वजनाचे तितके. डिझेलच्या धुराची रांग वेगळी, उदबत्तीची वेगळी, उसाच्या चिपाडाची वेगळी. हवेत हे सगळे धूर मिसळलेले असतात, तेव्हा पडद्यावर सगळ्यांच्या काठ्या एकमेकांवर चढलेल्या दिसतात, आणि त्यातून कोण किती ते गणितानं सोडवायचं असतं.

आता यातली मेख अशी की मशीन तुकडे मोजतं, पण तुकड्यांवरून मूळ माल किती होता हे त्याला आपलं आपण कळत नाही. काही पदार्थ त्या पट्टीवर पटकन उडतात, काही चिकटून बसतात, काही तर आदळून परत उडी मारतात. समजा तुमच्या दुकानातला तराजू गुळाचा किलो सव्वा किलो दाखवतो आणि मिठाचा किलो पाऊण किलो. तराजू फेकून द्यायची गरज नाही. कुठल्या मालाला किती वजा करायचं आणि कुठल्यात किती मिळवायचं ते पक्कं माहीत असलं की झालं. ते पक्कं करण्याला कॅलिब्रेशन म्हणतात, आणि तीच माझी खासियत. ठाऊक असलेला पदार्थ ठाऊक असलेल्या मापात मशीनला द्यायचा आणि विचारायचं, सांग बरं किती आहे. पुन्हा द्यायचा, पुन्हा विचारायचं. दर वेळी उत्तर थोडं हलतं. ते किती हलतं हेही मोजायचं, म्हणजे शेवटी आकडा सांगताना "इतके ते इतके यांच्यामध्ये" असा पट्टा सांगता येतो. एकच आकडा छातीठोकपणे सांगणाऱ्या तज्ज्ञावर माझा कधी विश्वास बसला नाही. पट्टा मात्र मी छातीठोकपणे सांगायचे.

धुरांचं कॅलिब्रेशन आणखी किचकट, कारण चिपाडाचा धूर कुठं बाटलीत विकत मिळत नाही. आम्ही खरोखरीच्या भट्ट्यांवर, चुलींवर, रस्त्यांवर जाऊन ओळखीचे धूर गोळा केले आणि संगणकाला शिकवलं. हा चुलीचा, हा ट्रकचा, हा ओतकामाचा. शिकवणीतून काही नमुने मी मुद्दाम बाजूला ठेवायला लावायचे. त्यांना आम्ही झाकलेले नमुने म्हणायचो. माझा सहकारी इरफान, संगणकाचं सगळं काम त्याच्याकडं, तो ते मिसळायचा आणि उत्तर स्वतःजवळ ठेवायचा. मशीनचं आणि माझं उत्तर आलं की मगच तो तोंड उघडायचा. मी हरले की त्याला फार आनंद व्हायचा, आणि मी फारशी हरत नसे.

नेहमीच सगळं सुरळीत चालायचं असंही नाही. एका खंडेनवमीला आमच्या स्टोअरकीपरनं मोठ्या भक्तिभावानं मशीनची पूजा केली. हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि नेमका हवा ओढायच्या नळीपुढंच ऊद आणि कापूर. पुढचे कित्येक दिवस मशीन कोल्हापूरच्या हवेत कापूर आहे असं सांगत राहिलं. नळ्या धुतल्या, बदलल्या, सगळं कॅलिब्रेशन पहिल्यापासून केलं. त्यानंतर पूजा चालूच राहिली, फक्त ऊद बाहेर व्हरांड्यात लावायचा असं ठरलं.

पण ज्या कामासाठी हे लिहायला बसले ते काम गुऱ्हाळाचं.

शिरोली एमआयडीसीच्या एका टोकाला कारखान्यांच्या भिंती संपतात आणि ऊस सुरू होतो. तिथं एक शाळा आहे. शाळेच्या एका अंगाला लहानमोठ्या फाउंड्र्या, म्हणजे लोखंड वितळवून ओतकाम करणारे कारखाने, आणि दुसऱ्या अंगाला शिवगोंडा अण्णांचं गुऱ्हाळ. शाळेच्या मुख्याध्यापिकेनं तक्रार केली की व्हरांड्याच्या कठड्यावर रोज काजळी बसते आणि मुलं खोकतात. फाउंड्रीवाले म्हणाले गुऱ्हाळ. अण्णा म्हणाले फाउंड्री. प्रकरण वरच्या कार्यालयात गेलं आणि तिथून आमच्याकडं आलं, की हवा मोजा आणि सांगा धूर कुणाचा. त्यावर सुनावणी होऊन ज्याचा धूर त्याच्यावर कारवाई व्हायची होती.

फाउंड्र्या बऱ्याच होत्या. गुऱ्हाळ एकच. अहवालात गुऱ्हाळाचं नाव वर आलं असतं तर ऐन हंगामात चुलवाण, म्हणजे रस उकळायची भट्टी, विझलं असतं. हंगामात विझलेलं गुऱ्हाळ पुन्हा पेटणं अवघड असतं. काम करणारी माणसं दुसरीकडं जातात, ठरलेला ऊस साखर कारखान्याला जातो, आणि मालकही मग कंटाळतो. त्या भागातली बाकीची गुऱ्हाळं अशीच एकेक करून गेली होती. अण्णांचं उरलं होतं, कारण अण्णा हट्टी होते.

आम्ही मशीन गाडीत घालून शाळेच्या आवारात उभं केलं आणि धुराचे नमुने आणायला मी स्वतः गुऱ्हाळावर गेले. अण्णा साठीच्या पुढचे, अंगानं सडपातळ. मूळचे शिरोळकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि रागात दोन्ही एकदम. मी गेले तेव्हा काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या कढईत, रस उकळत होता आणि चुलवाणाच्या तोंडाशी एक माणूस चिपाड सारत होता. अण्णांनी वाटीत गरम काकवी पुढं केली.

"घ्या बाई. पावण्याला तसंच लावून देत न्हाय आमी."

"अण्णा, तुमचा धूर मोजायला आलेय. काम होईपर्यंत तुमच्याकडचं काही खाणार नाही."

"म्हंजे मोजून झाल्यावर खाशीला की?"

"मोजून झाल्यावर तुम्हीच द्याल की नाही ते बघू," मी म्हटलं. ते हसले, पण वाटी त्यांनी मागं घेतली.

"येवढंच सांगा बाई, धूर माझा हाय का न्हाय. व्हय म्हणा न्हायतर न्हाय म्हणा."

"व्हय-न्हाय मशीनला येत नाही. किती ते येतं," मी म्हटलं. ते उत्तर त्यांना मुळीच आवडलं नाही.

मग मला हवी ती गोष्ट मी विचारली. कुठलंही मोजमाप करताना मला कोरा दिवस लागतो. ज्या दिवशी ती गोष्ट हवेत नाही असं खात्रीनं माहीत आहे, त्या दिवशी मशीन काय म्हणतं ते बघायचं. म्हणून विचारलं, "चुलवाण बंद कधी असतं?"

"हंगामात बंद कसलं? अमावस्येला तेवढं. आमच्या आज्ज्यापासनं पाळतोय. त्या दिशी काहील चढत न्हाय आन् माणसं बी येत न्हाईत. ह्या अंगाची समदी गुऱ्हाळं पाळायची, आता मी एकटाच राहिलोय पाळायला."

मी ते लक्षात ठेवलं. मशीन शाळेत हवा ओढत राहिलं, इरफान गणित करत राहिला, आणि हंगाम अर्धा सरता सरता निकाल आला. काजळीतला मोठा वाटा उसाच्या धुराचा. ओतकामाचा किरकोळ. कॅलिब्रेशन निर्दोष, झाकलेले नमुने सगळे उत्तीर्ण. आमचे संचालक खूश झाले, कारण मुदत जवळ आली होती आणि उत्तर स्वच्छ होतं. संचालक माणूस चांगला, पण स्वच्छ उत्तर दिसलं की त्यांना घाई व्हायची.

"बाई, सही करा आणि पाठवून टाका."

"अमावस्या बघायची राहिलीये, सर."

त्यांना वाटलं मी मुहूर्त बघतेय. "तुम्ही कधीपासून हे असलं मानायला लागला?" असं त्यांनी जरा काळजीनंच विचारलं. मी म्हटलं, मी मानत नाही, पण गुऱ्हाळ मानतं.

इरफाननं तारखा काढायला घेतल्या. संगणकात सगळं काही होतं, तिथी तेवढी नव्हती. मी घरच्या स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून आणलं. त्यावर दुधाची नोंद, गॅसचा नंबर, भाचीच्या डोहाळजेवणाची खूण, आणि काळा गोल काढलेली अमावस्या. इरफाननं तो दिवस पडद्यावर आणला. चुलवाण थंड होतं, काहील चढली नव्हती, आणि मशीन म्हणत होतं शाळेत उसाचा धूर आहे. रोजच्याइतका नव्हे, पण थोडाथोडका मुळीच नव्हे. दुपारनंतर वाढत जाणारा आणि संध्याकाळी ओसरणारा.

"कुणीतरी उसाचा पाला पेटवला असंल, मॅडम," इरफान म्हणाला.

तीच शंका मलाही आली. पण पाला पेटला की रेषा एकदम वर जाते आणि तासाभरात खाली येते. ही रेषा सावकाश चढत होती. आधीची अमावस्या काढली, तिथंही तेच. मग मी म्हटलं, आता फाउंड्र्यांच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस काढ. त्या दिवशी गुऱ्हाळ जोरात चालू असायचं. आणि त्या दिवशी उसाचा धूर दुपारी चढायचा विसरून गेला होता.

मी संचालकांकडं गेले. म्हटलं, मशीन म्हणतंय की गुऱ्हाळ बंद असताना गुऱ्हाळाचा धूर असतो आणि फाउंड्र्या बंद असल्या की तो कमी होतो. यावर मी सही करणार नाही.

"पण कॅलिब्रेशन बरोबर आहे ना?"

"जे शिकवलं त्याच्यापुरतं बरोबर आहे. जे शिकवलंच नाही ते मशीन ओळखीच्या कुणाच्या तरी नावावर टाकतं. यानं अण्णांच्या नावावर टाकलंय. काय टाकलंय ते मला शोधू द्या."

ते वैतागले. मुदत वाढवून मागणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. पण अहवालावर सही माझी लागायची आणि ती मी देत नव्हते, त्यामुळं त्यांनी शेवटी मुदत मागितली. त्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे.

आता आम्ही ओतकामाचा ओळखीचा धूर कुठून आणला होता, तर एका मोठ्या, आधुनिक फाउंड्रीतून. तिथं परवानगी पटकन मिळाली होती, चहासोबत बिस्किटंही. लहान फाउंड्र्यांत आम्ही गेलोच नव्हतो. त्या वेळी सगळ्यांना ते योग्य वाटलं होतं, लोखंड ते लोखंडच. आता मी एकेका लहान फाउंड्रीत जायला सुरुवात केली. पहिल्या दोन ठिकाणी काही मिळालं नाही. तिसरी विलासरावांची. वडिलांच्या हातची फाउंड्री, मालक गप्पिष्ट. उसाचा धूर शोधतेय म्हटल्यावर त्यांना हसू आवरेना.

"लोखंडाच्या कारखान्यात साखर शोधायला आलाय व्हय मॅडम?"

मीही हसले. आणि हसता हसता आतल्या बाजूच्या शेडजवळ मला वास आला. माझं माहेर गुऱ्हाळाचं. लहानपणी काहिलीच्या काठाला लागून करपलेल्या रसाचा वास मी इतका घेतलाय की डोळे मिटून ओळखीन. तो वास फाउंड्रीत येत होता. शेडमध्ये काही बायका काळ्या वाळूचे गोळे साच्यात दाबून भरत होत्या आणि बाजूच्या भट्टीत ते भाजले जात होते.

ओतकामात जिथं पोकळी हवी असते, पाइपात किंवा पंपात, तिथं वाळूचा एक भरीव आकार ठेवतात आणि त्याच्याभोवती लोखंड ओततात. त्याला कोअर म्हणतात. वाळू आपोआप धरून राहत नाही, तिला चिकटवायला काहीतरी लागतं. मोठे कारखाने त्यासाठी रसायन वापरतात.

"यात काय घालता?" मी विचारलं.

"मळी हाय की बाई," त्यांतली एक म्हणाली. "त्याबिगर वाळू धरत न्हाय."

मळी म्हणजे साखर कारखान्यातून उरणारं काळं, चिकट पाणी. साखर काढून झाल्यावरही त्यात भरपूर साखर असते. आपल्या भागात तिला काय तोटा? भट्टीत कोअर भाजताना ती करपायची, आणि दुपारी त्याच्यावर वितळलेलं लोखंड पडलं की उरलेली पेटायची. तो धूर भिंतीवरून थेट शाळेत. मशीन खोटं बोललं नव्हतं. उसाचं काहीतरी जळतंय एवढंच ते सांगत होतं. ते जळतंय ते गुऱ्हाळात, हे आम्ही त्याला पढवलं होतं.

मला त्या क्षणी इतका आनंद झाला की मी त्या बाईचा वाळूनं भरलेला हात हातात घेतला. ती दचकलीच.

पुढचे दिवस झपाटल्यासारखे गेले. विलासरावांनी नमुने घेऊ दिले, कारण तोवर त्यांना यात काही धोका वाटत नव्हता. मळीचा धूर आणि चिपाडाचा धूर जवळचे नातेवाईक असले तरी जुळे नव्हते. फाउंड्रीच्या वाळूत दगडी कोळशाची भुकटीही असते, तिचे तुकडे मळीबरोबर यायचे. चिपाडाबरोबर ते येत नव्हते. त्याच्यावर आम्ही नवं कॅलिब्रेशन बांधलं. इरफाननं झाकलेले नमुने असे दुष्टपणे मिसळले की मला दोन वेळा घाम फुटला, पण मशीननं ते वेगळे केले. मग शाळेतला सगळा हंगाम नव्यानं सोडवला. अमावस्येचा धूर आता विलासरावांसारख्या मळी वापरणाऱ्या लहान फाउंड्र्यांच्या नावावर गेला, आणि जायलाच हवा होता.

पण गुऱ्हाळाचा वाटा शून्य झाला नाही. कमी झाला, बराच कमी झाला, आणि तिथं येऊन थांबला. पट्ट्याचं खालचं टोकही शून्याच्या वर होतं. मी ते पुन्हा पुन्हा तपासलं. खरं सांगायचं तर तो शून्य व्हावा असं मला फार वाटत होतं.

एव्हाना बातमी फुटली होती. विलासराव प्रयोगशाळेत आले. या वेळी हसत नव्हते.

"आमच्या बापाच्या काळापासनं मळी चालू हाय, कुणाला खोकला आला न्हाय. आन् एक सांगू मॅडम? तुमचं माहेर गुऱ्हाळाचं हाय म्हणं. हे अजून आमी कुठं बोललो न्हाय."

"बोला की," मी म्हटलं. "खरंच आहे ते." माझ्या आकड्यात खोट काढता आली नाही तर माझ्यात काढायची, हे मला तेव्हा नीट उमजलं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी अण्णा भेटायला आले. सोबत त्यांचा वकील पुतण्या. पुतण्यानं अहवाल वाचला होता.

"मॅडम, तुमचा पट्टा आहे ना, त्यात खालचं टोक अगदी बारीक आहे. तेवढं तोंडी सांगताना नगण्य म्हणालात तर काय बिघडतं?"

"शून्य त्या पट्ट्यात नाही," मी म्हटलं. "नगण्यही नाही."

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. "बाई, तुमीच शोधून काढलं न्हवं मळीचं? मग आता माझं नाव कशाला घ्यायलाईसा?"

"आहे तेवढं घेणार, अण्णा," मी म्हटलं. ते चहा न घेता उठले.

सुनावणीला खोली भरली होती. मुख्याध्यापिका, फाउंड्रीवाले, गुऱ्हाळावरची चार माणसं. विलासरावांच्या शेजारी त्यांचा सल्लागार, मांडीवर जाड फाइल. मी मळीचं सांगितलं, अमावस्येचं सांगितलं, कॅलेंडरचं सांगितलं, तेव्हा खोलीत हशा पिकला. सल्लागारानं फाइल उघडली आणि एक कागद वर काढून ठेवला. माझ्या माहेराचं त्यात असणार हे मला कळलं. तेवढ्यात अधिकाऱ्यांनी विचारलं, "म्हणजे गुऱ्हाळ निर्दोष आहे असं म्हणायचं का?"

"नाही," मी म्हटलं. "गुऱ्हाळाचा वाटा आहे. चिपाड ओलं जाळतात आणि धुराडं बुटकं आहे." आणि किती, ते पट्ट्यासकट सांगितलं.

समोरच्या रांगेत अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पुन्हा वर बघितलं नाही. सल्लागारानं तो कागद परत आत सरकवला. प्रश्न विचारायची त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, काही विचारायचं नाही.

हुकूम झाला तो असा. मळी वापरणाऱ्या फाउंड्र्यांनी कोअरच्या भट्टीवर आणि ओतकामावर धूर ओढून घेणारी सोय करायची. गुऱ्हाळानं धुराडं उंच करायचं, वाळलेलंच चिपाड जाळायचं, आणि चालू राहायचं. मुख्याध्यापिकेनं बाहेर मला गाठून विचारलं, "मुलांचा खोकला कधी थांबेल?" ते माझं मशीन सांगू शकत नव्हतं. मला सांगता आलं नाही, आणि ते मला अजून बोचतं. पण त्या दिवशी त्याहून जास्त बोचलं ते अण्णांचं. ते माझ्या समोरून गेले आणि बोलले नाहीत. हंगामभर बोलले नाहीत. त्यांच्या गुऱ्हाळावर एकदा तपासणीला गेले तर पुतण्यानं धुराडं दाखवलं, अण्णा उसाच्या फडातून आलेच नाहीत. मला वाईट वाटलं. मी बरोबर होते, तरी वाटलं.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच पौर्णिमेला मी नृसिंहवाडीला गेले होते. दर्शन घेऊन बाजारातून परतताना कवठाच्या बर्फीच्या दुकानापुढं अण्णा उभे. मी मान वळवणार तोच त्यांनी हाक मारली.

"बाई! पळताय कुठं?" त्यांनी बर्फीचा एक पुडा माझ्या हातात कोंबला. "आता खाशीला न्हवं? मोजून झालंय."

मी पुडा घेतला. विचारलं, "राग गेला वाटतं?"

"राग? लई आला हुता. पुतण्या तर म्हणाला, बाईनं दगा दिला." ते बाजूच्या कट्ट्यावर टेकले. "मग गेल्या महिन्यात विलासराव भेटला. धूर ओढायचं यंत्र बसवून वैतागलाय. त्यो म्हणाला, आमची फाइल तयार हुती, बाई गुऱ्हाळवाल्यांची हाय म्हणून. पर बाईनं तुझाबी वाटा सांगितला. आता कुठल्या तोंडानं म्हणणार ही तुझ्याकडची हाय म्हणून? गप बसलो, म्हणाला."

मी त्यांच्या शेजारी कट्ट्यावर टेकले.

"त्या दिशी तुमी माझं नाव घेतलं नसतंसा, तर त्येनं तुमचं घेतलं असतं," अण्णा म्हणाले. "मग तुमचा त्यो मळीचा अहवाल कचऱ्यात गेला असता, आन् माझं गुऱ्हाळ त्याच्या मागनं."